रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे हर्पिस झालाच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, पुण्यात नोकरी. १९ दिवसांपूर्वी एका ओळखीच्या व्यक्तीशी संबंध आला. कंडोम वापरला होता, मुखमैथुनाच्या वेळी मात्र नव्हता. पाचव्या दिवशी लिंगाच्या मुळाशी, केसांच्या भागात खाज सुटली आणि दोन-तीन लाल पुटकुळ्या दिसल्या. मेडिकलमधून आणलेलं मलम चार दिवस लावलं, पुटकुळ्या सुकल्या. सोळाव्या दिवशी लॅबमध्ये जाऊन सगळं 'पॅकेज' केलं. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) निगेटिव्ह. एचएसव्ही-१ (हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, टाइप १) आयजीजी ४.६, पॉझिटिव्ह. एचएसव्ही-२ आयजीजी ०.२, निगेटिव्ह. आणि 'एचएसव्ही १+२ आयजीएम' १.४, पॉझिटिव्ह. लग्न साडेतीन महिन्यांवर आलंय. 'मला जननेंद्रियांचा हर्पिस झालाय का? लग्न मोडू का?'

या रिपोर्टवरून लग्न मोडू नका. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण असाच कागद हातात धरून साखरपुडा मोडून आलेला एक मुलगा मी पाहिलेला आहे. त्याला हर्पिस कधी झालाच नव्हता. ते कळेपर्यंत सहा महिने गेले होते आणि मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं.

आता तुमच्या रिपोर्टमधला एकेक आकडा घेऊ.

आयजीएमपासून सुरुवात करतो, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. आयजीएम आणि आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं. शाळेत आपण शिकलेलो असतो की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग आणि आयजीजी म्हणजे जुना. कावीळ, गोवर अशा आजारांत हे बऱ्यापैकी लागू पडतं. हर्पिसमध्ये नाही. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. त्या प्रत्येक वेळी आयजीएम पुन्हा वाढू शकतं, म्हणजे वीस वर्षांच्या जुन्या संसर्गातही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. दुसरं म्हणजे, आयजीएमच्या चाचण्यांना टाइप १ आणि टाइप २ नीट वेगळे करता येत नाहीत. तुमच्या रिपोर्टवर '१+२' असं एकत्र छापलंय ते त्यामुळेच. तिसरी गोष्ट, याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाणूंमुळे, उदाहरणार्थ कांजिण्यांच्या, किंवा काहीच कारण नसतानाही ती खोटी पॉझिटिव्ह येते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हर्पिससाठी आयजीएम करू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

तरीही आपल्याकडे ती धडाधड केली जाते. गरोदरपणात 'टॉर्च' नावाची जी तपासणी होते, तिच्यातला शेवटचा 'एच' हर्पिसचाच आणि तिथेही बहुतेक वेळा आयजीएमच असतं. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही ही चाचणी लिहून देत होतो आणि तिच्यावर विश्वास ठेवत होतो. त्या काळात ज्यांना मी 'हर्पिस आहे' असं सांगितलं, त्यांतल्या किती जणांना तो खरोखर होता, याचा विचार आजही मनात येतो. म्हणून सांगतो, तुमच्या रिपोर्टमधली ती १.४ ची ओळ पेनाने खोडून टाका.

एचएसव्ही-१ आयजीजी ४.६. हा आकडा खरा असण्याची शक्यता भरपूर आहे, पण तो तुमच्या या प्रसंगाचा नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो; सोळाव्या दिवशी इतका चढा आकडा म्हणजे संसर्ग जुना, बहुधा लहानपणीचा. ताप उतरताना ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुपका येतो, 'जर उठला' म्हणतात ना, तो हाच विषाणू. आजीने, मावशीने गालाची पापी घेतली आणि तो आला, इतकी साधी त्याची वाट असते. अनेकांना तर ओठावर फोडही कधी आलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे. त्यात तुमचे आईवडील, तुमची होणारी बायको आणि मी स्वतःही असू शकतो. शिवाय हा आकडा शरीरात विषाणू कुठे आहे हे सांगत नाही. ओठाजवळ की कमरेखाली, ते रक्ताला ठाऊक नसतं.

यात एक दिलासाही आहे. मुखमैथुनातून जननेंद्रियांना एचएसव्ही-१ लागू शकतो, आणि तुमची धास्ती तीच असणार. पण ज्याच्या शरीरात एचएसव्ही-१ ची प्रतिपिंडं आधीच आहेत, त्याला तोच प्रकार नव्या जागी पुन्हा लागणं फारच विरळ.

राहिला एचएसव्ही-२, ०.२ निगेटिव्ह. कमरेखालचा वारंवार उठणारा हर्पिस मुख्यतः या प्रकारचा. हा आकडा सध्या एवढंच सांगतो की त्या रात्रीपूर्वी तुम्हाला एचएसव्ही-२ बहुधा नव्हता. त्या रात्री तो लागला का, याचं उत्तर सोळाव्या दिवशी मिळू शकत नाही. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं तीन आठवड्यांत दिसतात, पण बहुतेकांच्या बाबतीत खात्रीने बोलायला बारा ते सोळा आठवडे थांबावं लागतं. पेरल्यावर तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहिली तर काय दिसणार?

म्हणजे तुमच्या रिपोर्टमधून मिळालेली माहिती ही: लहानपणीचा जर, आणि बाकी काही नाही.

आता त्या पुटकुळ्यांकडे वळू, कारण हर्पिसचं निदान त्वचेवर होतं, रक्ताचा नंबर त्यानंतर.

पहिल्यांदाच होणारा जननेंद्रियांचा हर्पिस, जेव्हा तो नीट उठतो, तेव्हा विसरता येत नाही. संबंधानंतर दोन ते बारा दिवसांत, साधारण चौथ्या दिवसाच्या आसपास, आधी चुणचुण किंवा आग. मग लालसर डागावर साबुदाण्यासारखे, पाणी भरलेले बारीक फोड, एकेकटे नाही तर झुपक्याने. दोन-तीन दिवसांत ते फुटतात आणि उथळ, ओल्या, हात लावू देणार नाहीत अशा जखमा होतात. लघवी लागली की डोळ्यांत पाणी येतं. जांघेत दोन्ही बाजूंना अवधाण येतं, ताप, अंगदुखी, डोकं जड. औषध घेतलं नाही तर हे सगळं दोन ते चार आठवडे चालतं. पहिल्या वेळचा आजार चार दिवसांत आवरत नाही.

तुमचं वर्णन असं आहे: केसांच्या भागात, खाज जास्त, दुखणं नाही, दोन-तीन सुट्या पुटकुळ्या, चार दिवसांत गायब. मला विचाराल तर वस्तऱ्याने केस काढल्यावर केसांच्या मुळाशी येणारी पुटकुळी याच्याशी जास्त जुळते. पण मी पाहिलेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. कारण हर्पिस सौम्यही असतो. बहुतेकांना तर एचएसव्ही-२ असल्याचं ठाऊकच नसतं: एखादी बारीक चीर, एखादा ओरखडा, दोन दिवस खाज, एवढ्यावरच निभावतं. बायकांच्या बाबतीत तर फारच घोळ होतो. लघवीला आग होते म्हणून 'उन्हाळी लागली' असं समजून धण्याचं पाणी, सब्जा, मग लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या. लघवी तपासली तर त्यात जंतू नसतात, आणि नीट तपासून पाहिलं तर आतल्या ओठावर दोन उथळ जखमा. खाली पाहिलंच नाही तर त्या दिसणार कशा? काहींना पुनरावृत्ती कुल्ल्यावर किंवा मांडीच्या मागे होते आणि वर्षानुवर्षं 'उष्णतेचे फोड' म्हणून चालतं. दरवेळी त्याच जागी, झुपक्याने, आधी चुणचुण होऊन येणारे फोड असतील तर ते कमरेच्या वर असोत की खाली, हर्पिसचा विचार करावाच लागतो.

उलट बाजूने, ज्यांना हर्पिस समजून लोक घाबरून येतात त्या गोष्टीही पुष्कळ. शिश्नमुंडाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे बारीक उंचवटे असतात, ते निसर्गतःच असतात. त्वचेखाली दिसणारे पिवळसर ठिपके तेलग्रंथींचे. मधुमेह असलेल्या माणसाला पुढच्या कातडीला चिरा पडून आग होते, ती बुरशी असते. त्याची साखर तपासायची. आणि आपल्याकडे खूप दिसणारं एक, जे रुग्णाच्या लक्षातच येत नाही: गोळीची ॲलर्जी. जुलाबाची किंवा अंगदुखीची गोळी घेतली की दरवेळी शिश्नमुंडावर त्याच जागी लालसर-जांभळा डाग उठतो, कधी फोड येतो, आणि बरा झाल्यावर काळा डाग उरतो. 'तीन वेळा त्याच जागी आलं' म्हणून त्याला हर्पिस ठरवून वर्षभर औषध दिलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. त्या आधी कोणती गोळी घेतली होती, हा एक प्रश्न विचारला की उलगडा होतो. सिफिलिसची जखम मात्र कधीही विसरू नका: सहसा एकच, कडक बुडाची आणि न दुखणारी. न दुखणारी जखम जास्त काळजीची, हे लोकांना पटत नाही.

त्या मलमाबद्दल. मेडिकलच्या दुकानातून मिळणाऱ्या अशा मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. त्याने लाली उतरते, खाज थांबते आणि पुरावा पुसला जातो. हर्पिस असेल तर स्टेरॉइडने विषाणूला मोकळं रान मिळतं. बुरशी असेल तर ती पसरते. ट्यूब फेकून द्या.

मग खात्रीची तपासणी कोणती? फोडाचा स्वॅब. ताजा फोड असताना, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, तो फोडून त्याच्या बुडावर स्वॅब थोडा दाबून फिरवायचा आणि पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, पाठवायचा. हा रिपोर्ट विषाणू आहे का हे तर सांगतोच, शिवाय टाइप १ की २ तेही सांगतो, आणि ज्या जागेचा नमुना त्याच जागेबद्दल सांगतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये ही सोय आहे. लहान गावांतूनही नमुना पाठवता येतो. स्वॅब घेताना दुखतं, आणि दुखलं नाही तर बहुधा तो नीट घेतला गेलेला नसतो. खपली धरल्यावर घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्यावरून 'हर्पिस नाही' असं म्हणता येत नाही. जुन्या काळापासून चालत आलेला झँक स्मिअर आजही केला जातो: फोडाचं बूड खरवडून काचपट्टीवर पाहायचं, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात का. स्वस्त आहे, लगेच कळतं, पण टाइप सांगत नाही, नागिणीतही तसाच दिसतो आणि बऱ्याचदा चुकतो.

नागिणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मराठीत आपण 'नागीण' म्हणतो तो हर्पिस झोस्टर, कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा झाल्याने अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे उठणारे फोड. तुमचा प्रश्न हर्पिस सिम्प्लेक्सचा. घराणं एक, विषाणू वेगळा. रिपोर्टवर 'हर्पिस' वाचून घरच्यांनी गेरूचा लेप लावायला नेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि उलट, छातीवर नागीण उठलेल्या वयस्कर बाईंच्या चारित्र्याबद्दल शंका घेणारं घरही पाहिलं आहे. दोन्हीकडे त्रास झाला तो एका शब्दामुळे.

रक्ताच्या आयजीजी चाचणीला माझा विरोध नाही, पण ती केव्हा आणि कुणाची करायची याला महत्त्व आहे. चाचणी 'टाइप-स्पेसिफिक', म्हणजे विषाणूच्या ग्लायकोप्रोटीन-जी या प्रथिनावर आधारलेली असावी. तशी नसेल तर लहानपणीचा टाइप १ हाच टाइप २ म्हणून रिपोर्टमध्ये उतरतो. आणि नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचू नका, आकडा वाचा. नेहमीच्या एलायझा किटमध्ये १.१ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह छापतात, पण एचएसव्ही-२ चा १.१ ते ३ मधला आकडा वारंवार खोटा निघतो, आणि तो दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने पडताळायला हवा. त्यासाठी सर्वांत भरवशाची मानलेली वेस्टर्न ब्लॉट चाचणी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. आपल्या रुग्णाला ती सहज मिळत नाही, त्यामुळे मी काही आठवडे थांबून पुन्हा आयजीजी करतो आणि आकडा चढतोय का ते पाहतो. खरा संसर्ग असेल तर तो बहुधा चढतो.

लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी का करू नये, हे एका हिशेबात दिसेल. समजा, एक हजार माणसं, त्यांतल्या २० जणांना खरोखर एचएसव्ही-२ आहे. चाचणी चांगली धरू, दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर. ती २० पैकी १९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी ४९ जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे ६८ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी ४९ खोटे. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यगटाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये लक्षणं नसलेल्यांची रक्तावरून हर्पिस-तपासणी करू नये असंच सांगितलं, त्यामागे हेच गणित आहे. आरोग्य-पॅकेज विकणाऱ्या जाहिरातींत ते कुठे दिसत नाही.

तुमच्यासाठी आता काय करायचं. पुन्हा काही उठलं तर मलम, हळद, जंतुनाशक, काहीही लावू नका. तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञांकडे जा. 'स्वॅब पीसीआर होईल का' हे आधी फोनवर विचारा. काहीच उठलं नाही तर संबंधाच्या दिवसापासून बारा आठवड्यांनी फक्त एचएसव्ही-२ आयजीजी करा, आणि मनाला पुरती खात्री हवी असेल तर सोळाव्या आठवड्यात एकदा. आयजीएम परत करू नका. दोन्ही तारखा तुमच्या लग्नाच्या आत बसतात. तोपर्यंत होणाऱ्या बायकोशी शरीरसंबंध टाळा.

हर्पिसच्या नादात एचआयव्ही आणि सिफिलिस मागे पडू देऊ नका. सोळाव्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या दोन्हींसाठी फार लवकरचा आहे. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी दोन्ही पुन्हा करा. खर्चाची किंवा ओळख फुटण्याची भीती असेल तर सरकारी रुग्णालयातलं समुपदेशन व चाचणी केंद्र आणि गुप्तरोगांसाठीचं 'सुरक्षा क्लिनिक' आहे. तिथे हे विनामूल्य होतं आणि माहिती गुप्त ठेवली जाते. 'नॅको'चा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा, १०९७ हा फोन क्रमांकही विनामूल्य आहे. सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांचे रंगीत संच असतात, त्यातला लाल संच हर्पिसच्या जखमांचा: असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. फोड उठल्यावर जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

आणि समजा, सोळाव्या आठवड्यात आकडा चढा आला, किंवा स्वॅबमध्ये एचएसव्ही-२ सापडला, तर? तरीही लग्न मोडायचं कारण मला दिसत नाही. तिला सांगायचं मात्र कारण आहे. जगात १५ ते ४९ वयातल्या साधारण १३ टक्के लोकांना एचएसव्ही-२ आहे, आणि त्यातले बहुसंख्य संसार करतात, मुलं वाढवतात. विषाणू शरीरातून जात नाही, पण पुनरावृत्ती काळानुसार विरळ आणि सौम्य होत जाते. फोड दिसत नसतानाही काही दिवस त्वचेतून विषाणू बाहेर पडतो, म्हणून नुसतं 'फोड नाहीत' यावर विसंबता येत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण न झाकलेली त्वचाही संसर्ग देते. रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४८४ जोडप्यांच्या अभ्यासात दिसलं.

तिला सांगण्याचं सर्वांत मोठं कारण पुढचं बाळंतपण. बाईला हा संसर्ग गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच लागला तर बाळाला होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो, आणि नवजात बाळातला हर्पिस जिवावर बेततो. तोच संसर्ग जुना असेल तर धोका एक टक्क्याच्याही खाली राहतो. डॉक्टरला आधी माहीत असेल तर शेवटच्या महिन्यात औषध देता येतं, जखमा असतील तर सिझेरियनचा निर्णय घेता येतो. हे सगळं माहितीवर अवलंबून आहे, आणि ती माहिती नवऱ्याकडूनच येणार असते. सांगायला जड जात असेल तर दोघं मिळून डॉक्टरांकडे या. अशा बोलण्यांत मी अनेकदा मध्ये बसलो आहे, आणि रागापेक्षा प्रश्नच जास्त येतात.

पण हे सगळं 'समजा'च्या पुढचं. आज तुमच्याजवळ हर्पिसचा पुरावा नाही. संबंधाची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्यापुढे बारावा आणि सोळावा आठवडा मोजून खूण करा, आणि त्या आधी हर्पिसच्या रक्ततपासणीसाठी लॅबकडे वळू नका. बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट आला की 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढंच कळवू नका, एचएसव्ही-२ समोरचा आकडा आणि किटचं नाव दोन्ही कळवा.